आबांची चाकावरची न्हाणी

आबांकडं कुणी पाहुणा आला की आबा आधी त्याच्या घरातल्या नळाची चौकशी करायचे, पोराबाळांची नंतर. "गळतोय का?" असं थेट विचारायचे. पाहुणा नाही म्हणाला तरी त्यांचा विश्वास बसायचा नाही. "थेंब थेंब तरी असंल. नीट बघितलं नसंल तुमी." मग पाहुणा चहा पिईपर्यंत बिचारा स्वतःच्याच नळाबद्दल साशंक होऊन बसायचा.

मी बारामतीच्या एका दवाखान्यात रक्त तपासायला लागले तेव्हा आबांच्या घराची वरची खोली भाड्यानं घेतली. किल्ली हातात देण्याआधी म्हाताऱ्यानं मला मोरीत उभं केलं आणि नळ कसा बंद करायचा ते शिकवलं. "पिळायचा न्हाय. त्यो काय उसाचा कांडका हाय का? पाणी थांबलं की हात थांबला पायजे." मी फलटणची, बापाचा भाजीचा टेम्पो चालवत मोठी झालेली. असलं ऐकून घ्यायची मला सवय नाही. म्हटलं, "आबा, आमच्याकडंही नळ होता." तर म्हणाले, "व्हता ना? म्हंजे मोडला."

मला ते डाक्टरीणबाई म्हणायचे. मी डॉक्टर नाही, रक्त तपासते, हे मी त्यांना इतक्यांदा सांगितलं की शेवटी मलाच कंटाळा आला. "पांढरा कोट हाय न्हवं अंगात? मग झालं तर."

आबा वालचंदनगरला कंपनीत पाईपफिटर होते. निवृत्त होऊन वर्षं झाली तरी अंगात तोच खाकी शर्ट. खिशात सुताची गुंडी आणि सफेद्याची डबी, कारण पाईपच्या आट्यांवर हल्ली जी पांढरी टेप गुंडाळतात तिच्यावर त्यांचा राग होता. प्लास्टिकच्या पाईपवर तर त्याहून जास्त. "ती नळी. पाईप न्हवं." माणूस बुटका, जाड मानेचा, कानावर केसांची झाडी. त्या झाडीतून त्यांना काय काय ऐकू यायचं! भिंतीतल्या पाईपला स्क्रू ड्रायव्हरचं टोक लावून मूठ कानाला लावायचे आणि घरात कुठं पाणी चाललंय ते सांगायचे. मी सकाळी दात घासताना नळ चालू ठेवला की खालून आवाज यायचाच, "डाक्टरीणबाई, दात किती हायेत तुमाला?"

एका लग्नात तर कमाल केली. मुहूर्त उशिराचा, म्हणून आम्ही आधीच पंगतीला बसलो होतो. जिलबी वाढून झाली आणि आबा गायब. काकू, म्हणजे त्यांची बायको, त्या लग्नाला आल्या नव्हत्या, त्यामुळं शोधायचं काम माझ्याकडं. बघते तर कार्यालयाच्या हात धुवायच्या बेसिनखाली आबा उताणे पडलेले, नवऱ्या मुलाचा मामा वरून मोबाईलची बॅटरी धरून उभा. मामा घामानं निथळतोय, तिकडं मंगलाष्टकांची वेळ होत आलेली, आणि आबा त्यालाच रागावतायत, "उजेड हलवू नगा. लगीन काय पळून जातंय?"

काकू त्या लग्नाला आल्या नव्हत्या असं मी म्हटलं. खरं तर काकू कुठंच जात नव्हत्या. बारामतीतल्या बारामतीत भाजी आणायला, देवळात, बास. गाव ओलांडून नाही. माहेरचं लग्न असो, बारसं असो, "माझे गुडघे दुखत्यात" हे एकच उत्तर. आणि ह्याच काकू घरात पाण्याच्या कळशा उचलून जिना चढायच्या! मला काही ते गुडघे पटत नव्हते.

मग एके दिवशी आबांनी शाळेची एक जुनी मिनीबस आणून अंगणात उभी केली. पिवळा रंग उडालेला, आतली बाकं काढलेली. आळीत बोलबाला झाला. आबा सांगत सुटले, "आता फिरायचं. आयुष्यभर कंपनीच्या भोंग्यावर जगलो. आता झोपायची खाट गाडीत, चूल गाडीत, न्हाणी आन् संडास गाडीत. वाटंल तितं थांबायचं." लोक हसायचे. एकानं विचारलं, "आबा, घरातला संडास तुंबलाय का काय?" आबा त्याच्यासोबत हसले. मीही मनात म्हटलं, म्हातारा चळला.

खरी गोष्ट मला काकूंनी सांगितली, एका दुपारी गहू निवडताना. मी माझ्या दवाखान्याच्या सवयीनं सहज विचारलं होतं, "काकू, लघवीचा काही त्रास आहे का?" त्यांनी सूप खाली ठेवलं. शेवटच्या बाळंतपणापासून त्यांना लघवी आवरायची नाही. एकदा माहेराहून येताना एसटी घाटात अडकली, उतरायला आडोसा नाही, आणि काकूंचं लुगडं भिजलं. भरलेल्या गाडीत. "शेजारच्या बाईनं नाक धरलं गं," काकू म्हणाल्या. "ह्यांनी खांद्यावरचा टॉवेल काढून माझ्या मांडीवर टाकला. घरापर्यंत एक शब्द बोलले न्हाईत. मीबी न्हाय. त्या दिवसापास्नं गाडीत पाय ठेवला न्हाय."

"मग आबांना माहीत आहे की."

"नवऱ्याशी असलं बोलतंय व्हय कोण? त्यांनी इचारलं न्हाय, मी सांगितलं न्हाय."

मी अंगणातल्या त्या बशीकडं बघितलं. आबा आत ठोकठोक करत होते. गावभर स्वतःचं हसं करून घेत होते आणि बायकोचं नाव कुठं निघू देत नव्हते. त्या दिवसापासून मी त्या माणसाला उलट बोलायचं जरा कमी केलं. अगदी बंद नाही केलं, कारण ते अशक्य होतं.

म्हणून मग मीही त्या बशीत अडकले. काकूंच्या थोरल्या बहिणीचा, अक्कांचा, मिरजेहून निरोप आला होता की मुलगा त्यांना कायमचं बंगळूरला नेतोय, मिरजेचं घर बंद होणार. दोघी बहिणींची भेट होऊन किती वर्षं झाली ते दोघींनाही सांगता येत नव्हतं. फोनवर अक्कांना ऐकू कमी यायचं. व्हिडिओ लावून दिला तर काकू मोबाईल कानालाच लावायच्या, आणि तिकडं अक्कांना नुसता कान दिसायचा. "अक्का एकदा बंगळूरला गेली की संपलं," काकू म्हणायच्या, आणि लगेच, "जाऊ द्या. गुडघ्यांनी कुठं झेपतंय मला." हे आबांच्या कानावर जाईल अशा आवाजात.

आबांनी कामाला जोर लावला. बशीच्या मागच्या कोपऱ्यात न्हाणी आणि कमोड, टपावर पाण्याची टाकी, नळाला जोर यावा म्हणून तिला छोटी मोटार, खाली मैल्याची टाकी, आणि धरायला भिंतीला लोखंडी पाईपचा असा दांडा की त्याला म्हैस बांधावी. सगळी लाईन लोखंडी. मी म्हटलं, "आबा, गाडी हलते. कडक पाईप निखळेल." आबा म्हणाले, "ह्या हातानं वाफेची लाईन जोडलीय. बॉयलर हादरायचा, जोड हालायचा न्हाय." बॉयलर जागेवर उभा असतो आणि बस खड्ड्यात जाते हे त्यांना सांगायला मी गेले नाही. अंगणात आबांनी चार दिवस स्वतः वापरून बघितलं, सगळं झकास चाललं. बादलीभर पाणी फरशीवर ओतलं तर झरझर जाळीकडं गेलं. आबांनी माझ्याकडं असं बघितलं की जणू मी आजवर पाणी वाहताना पाहिलंच नव्हतं.

गाडी चालवायची मी, हे काकूंनी ठरवलं. आबांना स्टिअरिंगला हात लावायची बंदी होती. रस्त्याकडेला पाईप फुटलेली दिसली की ते मान वळवून तिकडंच बघत राहायचे, आणि बारामती तालुक्यात कुठं ना कुठं पाईप फुटलेली असतेच.

पहिली चाचणी वालचंदनगरपर्यंत. आबांनी मुद्दाम तीच दिशा धरली, जुन्या दोस्तांना दाखवायचं होतं ना! काकू घरीच. आबा माझ्या शेजारी बसतील तर शपथ. न्हाणीत स्टूल टाकून, दार लावून, बॅटरी घेऊन आतच बसले. "गाडी चालताना पाणी काय करतंय ते बघितल्याबिगर कळत न्हाय," म्हणाले. ठरलं असं की न्हाणीच्या फळीच्या भिंतीवर एकदा ठोकलं तर हळू, दोनदा ठोकलं तर थांब. उसाच्या ट्रॅक्टरांनी रस्ता खाल्लेला, त्यात गावागणिक गतिरोधक. दर गतिरोधकाला आतून एक ठोका आणि एक शिवी. लासुर्ण्याच्या पुढं दोन ठोके पडले. दार उघडलं तर आबा डोक्यापासून पायापर्यंत भिजलेले, एका हातानं निखळलेला जोड दाबून धरलेला, आणि आत असा वास की मी दोन पावलं मागं सरले.

"जोड गेला," मी म्हटलं. दुसरं काही म्हटलं नाही, पण माझ्या तोंडावर दिसलं असणार.

"दिसतंय मला," आबा म्हणाले. "पर वास कशाचा त्ये बगा आधी. टाकी घट्ट हाय." मग ते गुडघ्यावर बसले आणि जाळीत बॅटरी मारली. न्हाणीच्या जाळीखाली वाटीसारखा एक भाग असतो. त्यात कायम थोडं पाणी साचून राहतं आणि ते पाणीच खालचा वास अडवतं. आमच्या वाटीत टिपूस नव्हता. "उडालं. गतिरोधकाला समदं पाणी उडालं," आबा हरखून म्हणाले. भिजलेला, घाण वासात बसलेला माणूस, आणि चेहरा बघाल तर लॉटरी लागल्यासारखा. तांब्याभर पाणी जाळीत ओतलं आणि वास गेला. तुटलेल्या जोडाला त्यांनी ट्यूबची पट्टी आवळली आणि आम्ही पुढं निघालो.

वालचंदनगरला कंपनीच्या कॉलनीतल्या सपाट सिमेंटच्या रस्त्यावर गाडी उभी केली. आबांचे चार दोस्त जमले, सगळे कंपनीतले, सगळे आबांइतकेच खोचक. आबांनी भाषण केलं, मग ऐटीत बादलीभर पाणी न्हाणीत ओतलं. पाणी जाळीकडं गेलंच नाही. थोडा वेळ विचार केल्यासारखं थांबलं, मग उलटं वळलं, दाराखालून बाहेर आलं, खाटेखाली शिरलं आणि पायरीवरून दोस्तांच्या चपलांत गेलं.

हसून हसून त्यांची पुरेवाट झाली. एकजण म्हणाला, "फिटर, ही न्हाणी का कॅनॉल?" आबा हसले नाहीत. त्यांनी खिशातून पाणसळ काढली, फरशीवर ठेवली, त्यातला बुडबुडा बघितला. मग गाडीखाली वाकून रस्ता बघितला. आणि एकदम खाटेवर बसले.

चूक अशी होती की आमच्याकडं कुणीही करावी. अंगण सारवायचं असो की फरशी घालायची असो, घराकडून रस्त्याकडं ढाळ काढतातच, पाणी दारात तुंबू नये म्हणून. आबांच्या अंगणाला तर त्यांनी स्वतः काढलेला भरपूर ढाळ होता. बस त्या ढाळावर उभी, तोंड घराकडं, न्हाणीचा कोपरा उताराकडं. आबांना फरशी फारच उतरती वाटली म्हणून त्यांनी मागची कड उलट वर उचलून बसवली. पाणी पळत होतं ते अंगणाच्या ढाळावर. सपाट रस्त्यावर आली तेव्हा न्हाणीचा स्वतःचा ढाळ कळला, आणि तो उलटा होता.

येताना आबा माझ्या शेजारी बसले. जंक्शन नावाच्या गावाजवळ एक पाईप फुटून रस्त्यावर कारंजं उडत होतं, तिकडंही बघितलं नाही. तेव्हा मला काळजी वाटली.

घरी काकूंनी एका नजरेत ओळखलं. पाणी आणून दिलं आणि म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या आता. लई केलंत. नशिबातच न्हाय अक्काची भेट."

आबांनी तांब्या आपटला. इतक्या वर्षांत मी त्यांना काकूंवर ओरडताना पहिल्यांदा ऐकलं. "नशिबाचा काय संबंध? ढाळ चुकलाय! माझा ढाळ चुकलाय!" आणि तसेच छिन्नी-हातोडा घेऊन बशीत शिरले. फरशी फुटायला लागली. काकू दारात उभ्या राहून पदरानं डोळे पुसत होत्या आणि म्हणत होत्या, "जेवून तरी घ्या, कायतरीच बाई तुमचं." शेवटी ताट वाढून मीच बशीत नेऊन ठेवलं.

ह्या वेळी आबांनी अंगणावर भरवसा ठेवला नाही. फरशी मधे उंच आणि दोन्हीकडं उतरती केली, पुढं एक जाळी, मागं एक जाळी. गाडी कशीही तिरकी उभी राहिली तरी पाण्याला एक तरी वाट. लोखंडी लाईन काढली आणि डाळिंबाच्या फवारणीची जाड रबरी नळी बसवली. ती बसवताना त्यांचं तोंड एरंडेल प्यायल्यासारखं झालं होतं, म्हणून मी त्या नळीला दिवसभर पाईपच म्हणत राहिले. वासाचा तोडगा काकूंनी काढला. "गाडी थांबली की दोन्ही जाळ्यांत तांब्या तांब्या पाणी वतायचं. त्याला कशाला कारखाना?" नळ अधूनमधून खोकायचा, कारण वळणावर टाकीतलं पाणी एका बाजूला गेलं की मोटार हवा धरायची. आबांनी मोटारीचं तोंड टाकीच्या अगदी तळाशी नेलं आणि तोही खोकला गेला.

दुसरी चाचणी निमगाव केतकीच्या बाजारादिवशी. आबांनी मला गाडी चढावर, उतारावर, एक चाक गटाराच्या कडेला असं कुठं कुठं लावायला सांगितलं आणि दर ठिकाणी बादली ओतली. पाणी मुकाट जाळीत. बाजाराच्या तोंडाशी पेरू विकणारी एक बाई हे सगळं बघत होती. जवळ येऊन मला हळूच म्हणाली, "ताई, आत संडास हाय व्हय? मी जाऊन येऊ का? सकाळपास्नं बसलीया." मी आबांकडं बघितलं. आबा खाली उतरले आणि पाठ करून उभे राहिले. तिच्यामागं भाजीवाली आली, मग बांगड्यावाली, मग एक लेकुरवाळी. आबा बादल्या आणून टाकी भरत राहिले, आणि पुरुष कुणी डोकावला की "हितं काय जत्रा हाय का?" म्हणून हाकलत राहिले.

हे मी काकूंना सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून एकच विचारलं, "वास आला का त्यांना?"

"नाही आला."

"मग जाऊ या," काकू म्हणाल्या.

मिरजेचा रस्ता लांबचा, फलटण, दहिवडी, विटा करत. काकू पहिल्यांदा दांडा धरून पायरी चढल्या आणि खाटेच्या कडेला अंग चोरून बसल्या. दहिवडीच्या अलीकडं फळीवर दोन ठोके पडले. ठोकण्याची पद्धत त्यांना आबांनी शिकवून ठेवली होती. मी गाडी कडेला घेतली. आबा लगेच उतरून लांब शेताच्या बांधावर जाऊन उभे राहिले आणि कुणाचं तरी ठिबक तपासू लागले. थोड्या वेळानं आतून पाणी ओतल्याचा आवाज आला, एक तांब्या, मग दुसरा. काकूंनी खिडकी उघडली. "चला की," म्हणाल्या. "काय बगताय तितं?" विट्याला पोचेपर्यंत त्या खाटेवर मांडी घालून बसल्या होत्या आणि मला माझ्या लग्नाबद्दल नको ते प्रश्न विचारत होत्या.

अक्का दारातच वॉकर धरून उभ्या होत्या. काकूंसारख्याच, जरा वाळलेल्या. गळाभेट, रडणं, हे व्हायचंच होतं. पण रडणं संपल्यावर अक्कांनी काकूंना ढकललंच. "इतकी वर्सं का न्हाय आलीस गं? माझं मालक गेलं तवाबी न्हाय आलीस."

"तू तरी कुठं आलीस? माझ्या नातवाच्या बारशाला बोलावलं, तर म्हनं कंबर दुखतीय."

मी आणि आबा पायरीशी उभे, आत जावं की नाही कळेना. अक्कांचा मुलगा चहाचा ट्रे घेऊन तसाच थांबला. मग काकूंनी अक्कांचा हात धरला. "ये, तुला एक दावते."

वॉकर बाहेर राहिला. काकूंनी खालून, मी वरून, अशा आम्ही अक्कांना बशीत चढवलं. काकूंनी न्हाणीचं दार उघडलं. अक्कांनी कमोड बघितलं, दांडा हातानं चाचपला, नळ सोडून बघितला. मग काकू म्हणाल्या, अगदी सरळ, मी शेजारी आणि आबा खाली पायरीशी असताना, "मला आवरत न्हाय, अक्का. म्हनून न्हाय आले. गुडघं-बिडघं कायबी न्हाय."

अक्कांनी तो दांडा दोन्ही हातांनी धरला. मग खाली बघत म्हणाल्या, "मलाबी तेच, बाई. कंबर-बिंबर कायबी न्हाय."

काकूंनी तोंडाला पदर लावला. मला वाटलं रडतायत. दोघी हसत होत्या, एकमेकींना चापट्या मारत, आणि रडतही होत्या. "येडी हायस तू," "तू शानी लागून गेलीस," असं चाललेलं. मी आबांकडं बघितलं तर आबा मान खाली घालून मागच्या चाकाची हवा बोटांनी दाबून बघत होते, आणि नाक ओढत होते.

मग बशीतून अक्कांचा आवाज आला, चांगला खणखणीत. "बाळ्या, माझी पिशवी आन. मी बंगळूरला नंतर येती. आधी बारामतीला चालले."

"अगं आई, तिकीट काढलंय," मुलगा म्हणाला.

"मग तू जा."

आबांनी खिशातून रुमाल काढून नाक शिंकरलं, टपावर चढायच्या शिडीला हात घातला आणि माझ्यावर खेकसले, "डाक्टरीणबाई, बगत काय ऱ्हायलाय? पाईप लावा. टाकी भरून घिऊ. माणसं वाढली."